भुऱ्याला घराची पाटीलकी नकोय

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यातले शेतकरी लिहितात. घरी अडीच वर्षांचा गावठी कुत्रा आहे, भुऱ्या. पिल्लू असताना वावरातच सापडलेला. रात्री त्यांच्यासोबत हरभऱ्याच्या जागलीला जातो, रोही आणि रानडुकरं हाकलतो. तिथं त्याच्यासारखा जोडीदार नाही. घरी मात्र दोन महिन्यांपासून बिनसलंय. गंजात, म्हणजे त्याच्या खाण्याच्या भांड्यात, भाकर टाकली की जवळ येणाऱ्यावर गुरगुरतो. सकाळी ओसरीतल्या बाजेवर ताणून देतो आणि उतरवायला गेलं की दात दाखवतो. नागपूरला शिकणाऱ्या भाच्यानं फोनवर काही व्हिडिओ दाखवले आणि सांगितलं, "मामा, तो तुमच्यावर राज करून राह्यला. कळपाचे म्होरके तुम्ही आहात हे त्याले दाखवा." त्याप्रमाणे भुऱ्याच्या आधी स्वतः जेवणं, दारातून आधी स्वतः बाहेर पडणं, तो खात असताना गंजात हात घालणं, सगळं करून झालं. तीन आठवड्यांपूर्वी त्याला उलथा पाडून मानेला धरून दाबलं, तर तो मनगटाला चावला. दोन दात रुतले. यांच्या म्हाताऱ्या आईचं मात्र तो सगळं ऐकतो. आता आईच म्हणते, "घरात लहान पोरगी हाय, त्याले जंगलाकडे सोडून ये." पत्राचा शेवट असा: "धाक बसवायला मी कमी पडतोय का? म्होरकेपण दाखवायचं तरी कसं?"

भाऊ,

आधी तुमच्या मनगटाचं बोलू, भुऱ्याचं नंतर. चाव्यावर हळद-चुना दाबला, दोन दिवसांत सूज उतरली म्हणून दवाखान्यात गेलो नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे वाचाल त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. कुत्रा घरचा असो, पिल्लू असो, दात नुसता ओरखडून गेलेला असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लसीचं विचारायचं. हळद, चुना, तिखट यातलं काहीही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस हाती लागत नाही, म्हणून यात "बघू" चालत नाही. चावून तीन आठवडे उलटले आणि भुऱ्या धड खातोपितो, जागलीला येतो, ही दिलाशाची गोष्ट आहे. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात ती याचसाठी. तरी पुढचं काय ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि भुऱ्याला रेबीजची लस दिल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठंच नाही. तीन महिन्यांच्या पिल्लाला पहिली, मग बूस्टर, पुढं दरवर्षी, अशी ती द्यायची असते. राहिली असेल तर आता द्या.

आता म्होरकेपण. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही धरूनच चाललाय: भुऱ्याला घरात वरची जागा हवी आहे आणि ती तो तुमच्याकडून हिसकावतोय. भाच्याचे व्हिडिओ हेच सांगतात. त्यांच्या मुळाशी संशोधन आहे हे खरं, फक्त ते कुठं आणि कोणावर झालं हे त्यात कोणी सांगत नाही.

१९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या प्राणिशास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांची निरीक्षणं छापली. पिंजऱ्याच्या आवारात माणसांनी एकत्र कोंडलेले लांडगे. जायला जागा नाही, त्यामुळं जागेवरून, मादीवरून, खाण्यावरून कुरबुर रोजचीच. ज्याची सरशी तो वरचा. तिथून 'अल्फा', म्हणजे म्होरक्या, लांडग्याची गोष्ट निघाली. १९७० साली डेव्हिड मेक या अमेरिकी अभ्यासकानं आपल्या पुस्तकात ती घेतली आणि ती जगभर झाली. मग लांडग्यावरून ती कुत्र्यावर आली. १९७८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातल्या, कुत्री पाळणाऱ्या साधूंनी कुत्र्याला उलथं पाडून दाबायची रीत पुस्तकात घातली. तुमच्या मनगटावरचे दोन दात इतक्या लांबून आलेत.

कोंडवाड्यात दहा गावची ढोरं कोंडावीत, शिंगाला शिंग लागलेलं पाहावं आणि त्यावरून तुमच्या कोठ्यातल्या गायीचं आणि तिच्या गोऱ्ह्याचं नातं ठरवावं, तसा हा प्रकार झाला. कारण रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक घर असतं: नर, मादी आणि त्यांची लहानमोठी पोरं. हे दाखवून दिलं तेही मेक यांनीच. १९८६ पासून कित्येक उन्हाळे त्यांनी कॅनडाच्या पार उत्तरेला, एल्समिअर बेटावर लांडग्यांच्या आसपास काढले आणि १९९९ साली लिहिलं की तिथं गादीसाठी मारामारी चालत नाही. पोरं मोठी झाली की जोडीदार शोधायला घर सोडून जातात, आईबाप पुढं असतात ते आईबाप म्हणून. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागं लागले. ते बंद व्हायला २०२२ उजाडलं. न्यू स्कीटच्या साधूंनी २००२च्या सुधारलेल्या आवृत्तीत उलथं पाडण्याचा सल्ला मागं घेतला. व्हिडिओवाल्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

लांब कशाला जा. आपल्या ताडोब्यात, पेंचला, नागझिऱ्यात रानकुत्र्यांचे कळप आहेत. शिकार पडली की तिथं पिल्लांना आधी खाऊ देतात. म्होरक्यानं आधी जेवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

आणि भुऱ्या तर लांडगाही नाही, रानकुत्राही नाही. लांडग्यापासून कुत्रं वेगळं होऊन निदान १५,००० वर्षं झाली, आणि हा काळ त्यानं माणसाच्या चुलीच्या, उकिरड्याच्या आसपास काढला. तुमच्या गावातली मोकळी कुत्री बघा. चार-पाच जण पारावर एकत्र पसरतात, दुसऱ्या आळीचं कुत्रं आलं की मिळून धावतात, पण भाकरतुकडा शोधायला जो तो आपापला निघतो. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटानं रस्त्यावरच्या कुत्र्यांवर बराच अभ्यास केलाय. अनोळखी माणसावर भरवसा बसायला खाण्याच्या तुकड्यापेक्षा मायेनं फिरवलेला हात जास्त कामी येतो, असं त्यांना २०१७ साली आढळलं. तुमच्या हातानं गेल्या दोन महिन्यांत भुऱ्याच्या गंजात शिरणं आणि त्याची मान दाबणं ही दोन कामं केली आहेत.

कुत्र्यांत वर-खाली काहीच नसतं, असं मी म्हणत नाही. दोघांमध्ये एक हाड पडलं तर कोण मागं सरणार, हे पुष्कळदा ठरलेलं असतं. पण ते त्या दोघांपुरतं आणि त्या हाडापुरतं. हाडाच्या जागी सावलीची जागा आली, समोर तिसरंच कुत्रं आलं, की हिशेब बदलतो. त्यावरून एखादा कुत्रा जन्मजात सत्तेचा भुकेला ठरत नाही. दारातून तुमच्या आधी धावत सुटणारा भुऱ्या घराची पाटीलकी मागत नाही; त्याला चार पाय आहेत आणि बाहेर मांजर आहे.

मग तो गुरगुरतो कशापायी? उत्तर तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात.

"आजकाल मान वाकडी करून कान झाडतो" हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाच पेन खाली ठेवला. रात्रभर वावरात, धुऱ्याच्या गवतात फिरणाऱ्या कुत्र्याच्या कानात कुसळ जाऊ शकतं, गोचीड बसू शकते, पू होऊ शकतो. कान ठणकत असलेल्या कुत्र्याची मान धरली तर तो दात लावणारच, आणि ही सुरुवात दोन महिन्यांपूर्वी एकदम झाली हेही दुखण्याकडेच बोट दाखवतं. चांगलं वागणारा मोठा कुत्रा अचानक बदलला की आधी शरीर तपासायचं, स्वभाव नंतर.

दुसरं, जागल. भुऱ्याची रात्र तुमच्याइतकीच जागी जाते. सकाळी तुम्ही घटकाभर आडवे होता. त्याच्याभोवती तेव्हा पोरं, कोंबड्या, येणारे-जाणारे. थंडीत खाली फरशी गार, ओसरीतली बाज उंच आणि उन्हात. तो तिथं चढतो याला आणखी कारण शोधायची गरज नाही. गाढ झोपेतून पट्ट्याला धरून ओढल्यावर दात दाखवणारी कुत्री मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांना कोणी म्होरके म्हणणार नाही.

तिसरं, कोंबड्या. त्या त्याच्या गंजात चोच घालतात आणि वहिनींना सारखं हाकलावं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे गंजाजवळ जो येतो तो काहीतरी घेऊनच जातो, हा भुऱ्याचा रोजचा अनुभव. त्यात व्हिडिओ बघून तुमचाही हात आला. त्याची शंका खरी निघाली.

उद्या तो खात असताना जरा लांबून बघा, बारा-पंधरा पावलांवरून. जवळ कोणी यायला लागलं की आधी खाण्याचा वेग वाढतो. मग जबडा एकदम थांबतो, तोंड मात्र गंजातच राहतं. पाठ ताठ होते. डोकं न हलवता डोळा येणाऱ्याकडे सरकतो आणि त्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. मग ओठ उचलला जातो, आणि त्याच्यानंतर कुठं गुरगुर. इतक्या पायऱ्यांवर त्याने "थांबा" म्हटलेलं असतं. आपण फक्त शेवटची ऐकतो आणि तिलाच उर्मटपणा म्हणतो.

म्हणून त्याची गुरगुर मारून बंद पाडू नका. भीती तशीच राहते, इशारा तेवढा जातो, आणि मग लोक सांगतात की कुत्रा काही न करता एकदम चावला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००९ साली १४० कुत्रामालकांच्या माहितीवरून अभ्यास छापला. कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली तिथं ४३ टक्के वेळा, आणि उलथं पाडून दाबलं तिथं ३१ टक्के वेळा कुत्रा उलट अंगावर आल्याचं मालकांनीच सांगितलं. ती कुत्री वागणुकीच्या तक्रारीसाठीच दवाखान्यात आलेली होती, त्यामुळं हे आकडे गावातल्या सरसकट कुत्र्यांना लावू नका. पण भुऱ्या आज त्याच रांगेत उभा आहे.

"पण दाबल्यावर नंतर दोन दिवस गप होता," हेही तुम्ही लिहिलंय. शेपूट पोटाशी, कान मागं, ओठ सारखे चाटणं, तुमच्याकडे न बघणं, असा गप होता का? तसं असेल तर तो घाबरला होता, शिकला काही नाही.

आता तुमच्या आईचं. त्या सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी एकाच कोपऱ्यात भाकर टाकतात आणि निघून जातात. त्याला उगाच हाका मारत नाहीत, आज लाड उद्या दणका असं त्यांचं नसतं. बाज हवी असली की अंगणात तुकडा टाकून म्हणतात, "उतर बाप्पा," आणि तो उतरतो. हे सगळं तुम्हीच लिहिलंय, त्याखाली "आईचा त्याला धाक आहे" असंही लिहिलंय. धाक यात मला कुठं दिसला नाही. पुढं काय होणार हे आईच्या बाबतीत त्याला आधीच ठाऊक असतं, आणि जे होतं ते त्याच्या फायद्याचं असतं. तुमच्या घरातला कुत्र्याचा मास्तर आईच आहे. त्या करतात तेच जरा रीतसर करायचंय.

सुरुवात कानापासून. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून फिरतं पथक मिळतं का विचारून पाहा. तिथं काम भागलं नाही तर अकोल्याची पशुवैद्यक संस्था तुम्हाला जवळ आहे. कानात गोडं तेल, रॉकेल काही ओतू नका. नेताना तोंडाला मुसकं बांधणार असाल तर तोंड उघडून धापा टाकता येतील असं, जाळीचं घ्या. कान बरा होईपर्यंत मानेला, डोक्याला हात नाही.

खाणं कोठ्याच्या कोपऱ्यात, ताटी लावून, कोंबड्या बाहेर. जागलीला निघायच्या आधी एकदा आणि सकाळी आल्यावर एकदा. पहिला आठवडा खाताना त्याच्याजवळ कोणीच जायचं नाही. मग रोज एकदा, तो खाणं थांबवत नाही इतक्या लांबून चालत जा, जाता जाता उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्याकडे टाका आणि न थांबता पुढं निघा. भाकरीपेक्षा सरस काहीतरी हवं, एवढंच. हड्डी मात्र शिजवलेली देऊ नका, ती मोडून आतड्यात रुतते. काही दिवसांनी एक पाऊल जवळ. पाठ ताठ झाली की आपण घाई केली. दोन पावलं मागं. तुम्ही दिसल्यावर तो गंजातून मान वर काढून अंड्याची वाट बघू लागला की बरंचसं काम झालं. गंजात हात घालून बघायची परीक्षा त्यानंतरही घेऊ नका. तोंडातलं काही काढायचं असेल तर दुसरं देऊन काढा.

बाजेचा तंटा सोपा आहे. ओसरीतच उन्हाच्या कोपऱ्यात बारदाना दुमडून वर जुनी गोधडी टाका, त्याची जागा म्हणून. तिथं झोपला असताना कोणी उठवायचं नाही. बाजेवर चढलाच तर आईसारखं लांबून बोलवा, उतरल्यावर तुकडा द्या. पट्टा धरायचा नाही. दिवसा बांधावंच लागलं तर लांब दोर, सावली आणि पाणी. आखूड, जड साखळीला दिवसदिवस जखडून ठेवणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसत नाही.

तुमच्या पाच वर्षांच्या मुलीसाठीचा नियम मोठ्यांनी पाळायचाय. भुऱ्या खाताना किंवा झोपलेला असताना ती त्याच्याजवळ एकटी नको, मधे दार नाहीतर मोठं माणूस. "आमचं कुत्रं पोरांना काही करत नाही" या भरवशावर सोडू नका. यात मी कसलीही सूट देणार नाही, सहा महिने सगळं सुरळीत चाललं तरी नाही.

गावात म्हणतील, कुत्र्याला डोक्यावर बसवला. म्हणू द्या. शिस्त हवीच: स्वयंपाकघरात यायचं नाही, पाहुण्याच्या अंगावर उड्या नाहीत, हाक मारली की यायचं. हे सगळं नको तिथं आडवं दार आणि हवं तिथं तुकडा, एवढ्यावर शिकवता येतं. रोही हाकलायला भुऱ्याला तुम्ही कधी उलथा पाडला होता का? भाच्यालाही यात घ्या. त्याला फोनवर लांबून भुऱ्याचं खाणं टिपायला सांगा. दवाखान्यात कुत्रा घरच्यासारखा वागत नाही, तेव्हा पशुवैद्यांना ते बघायला उपयोगी पडतं.

तालुक्याच्या ठिकाणी हौसेनं लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणून गच्चीवर बांधणाऱ्या वाचकांचीही अशीच पत्रं येतात: पट्टा ओढतो, अंगावर चढतो, चपला फाडतो, आमच्यावर हुकूमत गाजवतो. दिवसभर बांधलेल्या तरुण कुत्र्याला अर्धा तास बाहेर काढल्यावर तो पट्टा ओढेल नाहीतर काय करेल? त्याला आधी सकाळ-संध्याकाळ भरपूर चालवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी मात्र बाहेर काढू नका, डांबरानं पंजे भाजतात.

राहिलं आईचं म्हणणं. त्यांची काळजी नातीपायी आहे, ती खोटी नाही, म्हणून त्यांच्याकडे दोन-तीन महिने मागून घ्या आणि तोवर मुलीचा नियम काटेकोर पाळून दाखवा. जंगलाच्या कडेला सोडणं मात्र नको. तिथं तो बिबट्याच्या तोंडी जाईल, उपाशी मरेल किंवा पुढच्या गावात शिरून तिथल्या पोरांना चावेल. घरच्या कुत्र्यांचे रोग रानकुत्र्यांना, कोल्ह्यांना लागतात तेही असंच. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं १९६०च्या त्याच कायद्यानं गुन्हा आहे. कान बरा झाल्यावर, हे सगळं केल्यावरही तो चावायला येत असेल तर पशुवैद्यांना परत दाखवा. आणि ठेवणं अगदीच अशक्य झालं, तर लहान पोरं नसलेल्या, वावरात राहणाऱ्या कोणाला तरी द्या. देताना चाव्याची गोष्ट लपवू नका आणि लसीचा कागद सोबत द्या.